तारीख घातलेली पोच: टाळेबंदीतल्या एका गावाची रोजगार हमी

मराठवाड्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावाचं हे प्रकरण आहे. गाव, तालुका आणि माणसं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत किंवा बदलले आहेत. कायदा, मजुरीचे दर आणि सरकारी निर्णयांच्या तारखा मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

गावात साडेतीनशेच्या आसपास उंबरठे. जमीन हलकी आणि मुरमाड, बागायत असेल ती ओढ्याकाठी. दसरा-दिवाळी आटोपली की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं आणि कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोड्या, ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ज्यांना कोयता नको असतो ती तरुण पोरं पुणे, चाकण, रांजणगाव भागात सेंटरिंग, वायरिंग, कंपनीतली कंत्राटी पाळी असं काहीबाही करतात. गावात वर्षभर कायम राहणारे म्हणजे म्हातारी माणसं, शाळकरी मुलं आणि पाण्याची सोय असलेले थोडे शेतकरी.

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली तेव्हा ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकले. १७ एप्रिलला राज्य सरकारने तपासणी करून त्यांना गावी जायची परवानगी दिली आणि ट्रक भरभरून माणसं परत आली. पुण्याकडची पोरं त्याआधीपासूनच मोटारसायकलवर, आडवाटेने येत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळ्यांचं विलगीकरण झालं. मे उजाडला तेव्हा गावात एरवी उन्हाळ्यात असतात त्याच्या दुपटीने कर्ती माणसं होती आणि कमाई कुणाचीच नव्हती.

राज्याची तिजोरीही आटली होती. ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने विकासकामांचा खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला, नवी कामं थांबवली आणि आरोग्यासारखे विभाग सोडून नोकरभरती गोठवली. त्या वर्षाच्या आर्थिक पाहणीत राज्याची अर्थव्यवस्था उणे ८ टक्के जाईल आणि शेती मात्र ११.७ टक्के वाढेल असा अंदाज आला. पण हा आकडा कागदावर यायला पुढचा मार्च उजाडला. मे महिन्यात गावाला एवढंच कळत होतं की आमदार निधीचा रस्ता, सभामंडप, जिल्हा परिषदेचं गटार यांतलं काहीही येणार नाही. गावात रोजगार आणि पुढारपण या दोन्ही गोष्टी एरवी याच कामांवर चालतात.

उरली ती रोजगार हमी.

पैसा कोण देतं

पुढच्या सगळ्या घडामोडींची किल्ली इथे आहे, म्हणून थोडं थांबतो.

रोजगार हमी ही महाराष्ट्राची स्वतःची कल्पना. वि. स. पागे यांनी ती तासगाव तालुक्यात आधी करून पाहिली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर या योजनेसाठीच आला. २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाल्यावर दोन्ही व्यवस्था एकमेकींत गुंफल्या गेल्या. २०२० मध्ये दर कुटुंबाला १०० दिवसांपर्यंतची अकुशल मजुरी पूर्णपणे केंद्र द्यायचं. साहित्याच्या खर्चात केंद्राचे तीन आणि राज्याचा एक वाटा असायचा. १०० दिवसांच्या पुढची मजुरी राज्याच्या खिशातून जायची.

चौथी गोष्ट फारशी बोलली जात नाही. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. पहिल्या ३० दिवसांना मजुरीच्या किमान पाव आणि त्यापुढे किमान अर्धा. तो राज्याने द्यायचा असतो. म्हणजे तेव्हा काम दिलं तर मजुरी दिल्लीहून यायची, नाही दिलं तर भुर्दंड मुंबईला. असं असताना राज्याची यंत्रणा काम काढायला धावेल असं वाटेल. प्रत्यक्षात ती सोपी वाट धरते आणि मागणी झाल्याची नोंदच होऊ देत नाही. नमुना ४ मध्ये कामाची मागणी करायची आणि नमुना ५ मध्ये तारीख घातलेली पोच घ्यायची असा नियम आहे. पोच नसेल तर १५ दिवस मोजायचे कुठून?

अडचण

केंद्राने १ एप्रिलपासून मजुरीचे दर वाढवले आणि महाराष्ट्राचा दर २०६ वरून २३८ रुपये झाला. २० एप्रिलपासून कामांना परवानगी मिळाली. मे महिन्यात योजनेच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदीत आणखी ४०,००० कोटींची भर पडली. पैसा होता, दर होता, मजूर होते. गावात काम मात्र नव्हतं.

याला कारण सेल्फ. कोणती कामं काढायची त्याची मंजूर यादी आधीच्या वर्षी ग्रामसभेने करून ठेवायची असते. गावाच्या सेल्फवर काही सिंचन विहिरी, शोषखड्डे आणि एक पाणंद रस्ता एवढंच होतं. विहिरी आणि शोषखड्डे वैयक्तिक लाभाची कामं, चार-सहा माणसांत होणारी. पाणंद रस्त्याची हद्द वादात, मोजणी राहिलेली. दोनशे माणसं एका वेळी उभी राहतील असं एकही काम यादीत नव्हतं. कोयता दिवाळीला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततो, त्यामुळे गावात मजूर मिळत नाहीत असं धरूनच यादी केली होती. एरवी ते खरंही होतं.

दुसरी अडचण जॉब कार्डांची. भावाभावांच्या चुली वेगळ्या होऊन दहा वर्षं झाली तरी कार्ड बापाच्या नावावर. शंभर दिवस कुटुंबाला मिळायचे, म्हणजे तीन चुलींत मिळून शंभर.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय वाट बघण्याचा. माजी सरपंच आणि त्यांच्या गटाचं म्हणणं होतं की पावसाळ्यानंतर निधी सुटेल, साहेबांचा शब्द आहे. हा शब्द पोकळ होता असं मी म्हणणार नाही. एरवी तो खराही ठरला असता.

दुसरा सिमेंट रस्त्याचा. तोही रोजगार हमीतून काढता यायचा, पण जिल्ह्याच्या एकूण हिशेबात मजुरी ६० आणि साहित्य ४० हे प्रमाण राखावं लागायचं. सिमेंट रस्त्यात हे गणित उलटं होतं. खडी, सिमेंट आणि मिक्सर पैसा खातात, मजुराला आठवडाभराचं काम मिळतं. गावातल्या पुढाऱ्यांना मात्र हाच रस्ता हवा होता. साहित्य पुरवणारा कोण, हे सांगायला नको.

तिसरा, माती-मुरमाची कामं. बांधबंदिस्ती, डोंगरउतारावर समपातळी चर, ओढ्याचं खोलीकरण. यात जवळपास सगळा पैसा मजुरीत जातो. फोटो मात्र चांगला येत नाही आणि उद्घाटनाला नारळ फोडण्यासारखं काही हाती लागत नाही.

चौथा पर्याय तरुण पोरांचा होता, तो म्हणजे यातलं काहीच नको. ६ जुलैला सरकारने महाजॉब्स हे संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा कितीतरी जणांनी मोबाइलवरून नोंदणी केली. तिथल्या जागा औद्योगिक पट्ट्यातल्या. ज्या भागातून पळून आले तिथेच परत जाण्याचं ते आवतण होतं, आणि माझ्या माहितीत गावातल्या कुणाला त्यातून बोलावणं आलं नाही.

एक वाद मात्र मोबाइलवर जोरात पेटला. २० जूनला केंद्राने गरीब कल्याण रोजगार अभियान काढलं. त्यात सहा राज्यांतले ११६ जिल्हे होते, महाराष्ट्रातला एकही नव्हता. तेव्हा राज्यात महाविकास आघाडी, केंद्रात भाजप. गावातल्या दोन्ही बाजूंना महिनाभर पुरेल एवढा दारूगोळा मिळाला. जिल्हे निवडताना परतलेल्या स्थलांतरितांचा आकडा धरला होता आणि महाराष्ट्राकडे माणसं जिथे येतात ते राज्य म्हणूनच पाहिलं जातं. चाकणहून बालाघाटात परतलेला माणूस राज्याची सीमा ओलांडत नाही, म्हणून तो स्थलांतरितांच्या चर्चेत कुठेच दिसत नाही. हा मुद्दा दोन्हींपैकी एकाही गटाने मांडला नाही.

काय केलं

निर्णय फिरवला तो ऊसतोड करणाऱ्या बायकांनी. त्यांच्यातल्या दोघी-तिघींनी पूर्वी शेजारच्या तालुक्यात रोजगार हमीवर काम केलं होतं आणि मजूर संघटनेच्या एका कार्यकर्तीशी त्यांची ओळख होती. तिने फोनवर एकच गोष्ट सांगितली: तोंडी मागू नका.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बायका नमुना ४ भरून ग्रामपंचायतीत गेल्या. रोजगार सेवकाने अर्ज घेतले, पोच दिली नाही. "वरून काम आलं की सांगतो, मावशी." त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. त्याचं मानधन तेव्हा कामाच्या दिवसांवर ठरायचं, त्यालाही काम हवंच होतं. पण पोच दिली तर पंचायत समितीतून बोलणी त्यालाच खावी लागणार होती. बायकांनी अर्ज परत घेतले आणि एकत्र गठ्ठा करून टपालाने रजिस्टर्ड पाठवले, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना आणि एक तहसीलदारांना. पोस्टाच्या पावतीवर तारीख असते. चौथ्या-पाचव्या दिवशी तांत्रिक सहाय्यक गावात हजर झाला.

पुढे हालचाल झाली ती यंत्रणेच्या अंगाने. ग्रामपंचायतीचा सेल्फ रिकामा असला तरी कृषी विभाग आणि सामाजिक वनीकरणाकडे मंजूर कामं पडून होती. मजूर मिळत नाहीत म्हणून ती वर्षानुवर्षं पुढे ढकलली जात होती. डोंगरउतारावरचे चर त्यातून निघाले. ग्रामपंचायतीने ओढ्याच्या खोलीकरणाचा प्रस्ताव वेगळा पाठवला.

या ओढ्यावरच खरी कसोटी लागली. एका ठेकेदाराने निरोप धाडला की जेसीबीने तीन रात्रींत काम उरकतो, हजेरीपटावर तुमची नावं टाका, खात्यात पैसे आले की निम्मे तुमचे. कुणी उन्हात राबायचं नाही, कुणाला फोड यायची नाही. सरपंचबाईंच्या यजमानांना हा सौदा पटला होता, आणि खरं सांगायचं तर गावातल्या बऱ्याच जणांना पटला होता. बायकांमध्ये दोन दिवस खल चालला. एकीने हिशेब मांडला: निम्मे म्हणजे दिवसाचे ११९, आणि कार्डावरचे दिवस मात्र पूर्ण खर्ची पडणार. शंभर दिवसांचे २३,८०० होतात त्याचे ११,९०० च हातात. शिवाय पुढे चौकशी लागली तर खोट्या हजेरीखाली अंगठा आपला. शेवटी काम ओढ्याच्या वरच्या अंगाऐवजी डांबरी रस्त्यालगतच्या तुकड्यापासून सुरू करायचं ठरलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल तिथे रात्री जेसीबी उतरवणं अवघड होतं. हा निर्णय कागदावर कुठेही नाही, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशारीचा तोच.

पहिल्या आठवड्याची मजुरी आली ती दिवसाला दीडशेच्या आसपास. दर २३८ असला तरी पैसे हजेरीवर मिळत नाहीत, खोदलेल्या मातीच्या मापावर मिळतात. तांत्रिक सहाय्यकाने मोजमाप पुस्तिकेत जमीन नरम म्हणून लावली होती. वरचा वीतभर थर खरंच नरम होता, त्याखाली टिकावाला ठिणगी उडेल असा मुरूम. बायकांनी खड्ड्यांमधले न खोदलेले खुंट तसेच राखले होते, थर उघडे दिसत होते. त्यांनी त्याला खड्ड्यात उतरवून टिकाव हातात दिला. चार घाव घातल्यावर तो हसला आणि फेरमोजणीला तयार झाला. दुसऱ्या आठवड्यापासून कठीण मुरमाचा दर लागला आणि मजुरी २३८ च्या जवळ गेली. पहिल्या आठवड्याचा फरक मात्र कधीच मिळाला नाही.

पुरुषांचं काय? गाजावाजा केला तो पुण्याहून आलेल्या पोरांनी, निवेदनं दिली त्यांनी, आणि खड्ड्यावर सर्वांत कमी दिसले तेच. सेंटरिंगवाल्याला दिवसाला यापेक्षा कितीतरी जास्त मिळत होते. त्याला हातात टिकाव घेणं म्हणजे गावासमोर पत गेल्यासारखं वाटायचं. जे आले त्यांतल्या काहींची मजुरी गायबच झाली. नंतर उलगडा झाला: कंपनीने पुण्यात उघडून दिलेल्या खात्याला आधार जोडलेला, पैसे तिकडे जमा होत होते आणि त्या खात्याचं कार्ड खोलीवर राहिलं होतं.

मध्येच सत्ता गेली

जूनमध्ये पेरण्या सुरू झाल्या आणि खोदकाम आपोआप थांबलं. सोंगणीपर्यंत तसंही फार जणांना काम नको होतं, तरी भूमिहीन घरांना हवं होतंच. त्यांच्यासाठी पावसाळ्यात रोपलागवड काढायचं ठरत होतं, तेवढ्यात ग्रामपंचायतीची मुदत संपली.

करोनामुळे निवडणुका पुढे गेल्या होत्या. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक नेमायचे होते. पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने गावातलीच योग्य व्यक्ती नेमण्याचा जुलैतला निर्णय वादात सापडला आणि न्यायालयात गेला. पक्षाचा माणूस मागच्या दाराने खुर्चीवर बसवायचा डाव आहे, ही टीका निराधार नव्हती. या गावात शेवटी विस्तार अधिकारी प्रशासक म्हणून आले. माणूस सरळ, पण त्यांच्याकडे अनेक गावांचा कारभार. रोपलागवडीचा प्रस्ताव सहीवाचून अडकला आणि पाऊस ओसरल्यावर निघाला. गर्दीबंदीमुळे ग्रामसभाही होत नव्हत्या, त्यामुळे पुढच्या वर्षाचा सेल्फ प्रशासक आणि ग्रामसेवकाने टेबलावरच केला. त्यात पुन्हा विहिरी आणि शोषखड्डे.

फलित

उन्हाळ्याच्या त्या पाच-सहा आठवड्यांत गावात कधी नव्हे एवढी माणसं एका वेळी कामावर होती. शंभर दिवस पूर्ण केलेली कुटुंबं तरी बोटांवर मोजण्याइतकीच. राज्याच्या निधीतून शंभराच्या पुढचे दिवस द्यायची वेळ कुणावरच आली नाही. बेकारी भत्ता कुणी मागितला नाही. काम सुरू झाल्यावर भांडण वाढवायला कुणी तयार नव्हतं. ओढ्याच्या खोदलेल्या तुकड्यात पाणी राहिलं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा फायदा झाला. त्या विहिरी खोदणाऱ्या बायकांच्या नव्हत्या.

ऑक्टोबरात ऊसतोड मजुरांच्या संपानंतर दरात १४ टक्के वाढ ठरली आणि कोयते निघून गेले. मुकादमाची उचल लाखाच्या घरातली, हातावर रोख. समोर रोजगार हमीचे शंभर दिवस, तेही मिळाले तर. कुणीही उचलच घेईल. पुण्याची पोरं दिवाळीनंतर परतली. १५ जानेवारी २०२१ ला मतदान झालं तेव्हा अर्जांचा गठ्ठा पाठवणाऱ्यांपैकी एक बाई सदस्य म्हणून निवडून आली. निवडून आल्यावर तिने गावात पहिली गोष्ट केली ती जॉब कार्डांच्या विभागणीची, आणि तीही अजून अर्धवट आहे.

काय वेगळं करता आलं असतं

जॉब कार्डांची विभागणी एप्रिलमध्येच व्हायला हवी होती. माणसं शाळेत विलगीकरणात चौदा दिवस बसून होती, आधार खिशात होतं, फोटो मोबाइलवर काढता आले असते. तीन चुलींची तीन कार्डं झाली असती तर त्या घराला तिप्पट दिवस मिळाले असते, आणि त्यासाठी कुणाच्याही निधीची गरज नव्हती. खात्यांची आधारजोडणीही तेव्हाच तपासता आली असती.

फेरमोजणीची मागणी पहिली मजुरी जमा व्हायच्या आत, माप घेताना करायला हवी होती. एकदा मोजमाप पुस्तिकेत आकडा चढला की तो खोडायला कुणी तयार होत नाही.

सेंटरिंग आणि वायरिंग येणाऱ्या पोरांसाठी रोजगार हमीत जवळपास काही नाही, आणि ते या गावाच्या हातातलंही नव्हतं. तरीही शाळाखोल्या, अंगणवाड्या आणि आरोग्य उपकेंद्रांची दुरुस्ती त्या उन्हाळ्यात निघाली असती तर या हातांना काम मिळालं असतं. ४ मेच्या निर्णयाने नेमका हाच खर्च थांबवला. मंदीत महसूल बुडाला असताना राज्याने हात आखडता घेणं समजतं. कर्जाची मर्यादा असते, पगार आणि निवृत्तिवेतन टळत नाही. पण सरसकट ३३ टक्क्यांची कात्री चालवताना मजुरी जास्त असलेली दुरुस्ती आणि यंत्रं जास्त असलेलं मोठं बांधकाम यांत फरक करता आला असता.

सेल्फबद्दल वेगळा मुद्दा आहे. मजूर नाहीत म्हणून मोठी कामं यादीत घ्यायची नाहीत, आणि यादीत कामं नाहीत म्हणून मजूर बाहेर जातात, हे चक्र गावाने आणि तालुक्याने मिळून जपलेलं आहे. निदान दोनशे माणसांना महिनाभर पुरेल एवढं मातीकाम दर वर्षी मंजूर ठेवायचं, लागलं नाही तर पुढे ढकलायचं, याला खर्च येतो तो फक्त अंदाजपत्रक करणाऱ्या तांत्रिक सहाय्यकाच्या वेळेचा. नव्या सदस्यबाईंनी हा मुद्दा पुढच्या ग्रामसभेसाठी लेखी दिला आहे. त्याची पोच त्यांनी ग्रामसेवकाकडून तारखेसह घेतली.